मदत हवी आहे: नेरूळच्या कॉलेजात हिपॅटायटिस बी तपासणी

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूसंसर्ग) तपासणी आणि लसीकरण ठरतंय. याची लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ पासून आली, म्हणजे यातली बरीच मुलं तान्हेपणी लसीविना राहिलेली असणार. नुसत्या एचबीएसएजीने (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) चालू संसर्ग कळतो. होऊन गेलेला कळायला अँटी-एचबीसी टोटल ही प्रतिपिंडांची चाचणीही हवी.

लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. तिसरा हमखास परीक्षेत नाहीतर सुट्टीत अडकतो. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेलाच द्यायचा. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठली की बाद, म्हणून बाटली बर्फाला टेकवायची नाही.

प्रश्नावलीत टॅटू, हॉस्टेलवर एकमेकांचं रेझर, घरात कुणाला आहे का, हे घेतलंय. असुरक्षित संबंधांबद्दल नाव न घेता, पण पॉझिटिव्ह आलेल्याला गाठता येईल असं कसं विचारावं? नुसता कोड नंबर पुरेल का? वाशी-ठाण्यात दोन्ही चाचण्या सवलतीत करणारी लॅब कुणाला माहीत आहे?