ऑनलाइन साथरोगशास्त्र आणि प्रत्यक्ष काम
घरबसल्या साथरोगशास्त्र शिकून प्रत्यक्ष साथ कशी हाताळणार, हा ऑनलाइन शिक्षणावरचा आक्षेप मला निम्माच पटतो. दारोदार फिरून माहिती काढणं स्क्रीनवर जमत नाही, हे खरंच. पण हाती आलेल्या माहितीशी झटापट कुठेही करता येते. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत १९४० साली चर्चच्या जेवणानंतर झालेल्या विषबाधेचा डेटा आजही शिकवायला वापरतात. ७५ जणांच्या मुलाखती, ४६ आजारी. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी पडले, न खाल्लेल्या २१ पैकी ३. तक्ता स्वतः 'आर' या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडून बघा (फुकट आहे, सबब चालणार नाही!). आइस्क्रीमवर बोट ठेवणं सोपं. आइस्क्रीम न खाताही आजारी पडलेले ते तिघे मात्र डोकं खातात. नोकरीच्या मुलाखतीत मला प्रमाणपत्राबद्दल कमी आणि असल्या 'तिघां'बद्दलच जास्त विचारलं.