मदत हवी आहे : बाबांना ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनपासून कसं वाचवायचं?

बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. परवा दुपारी व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. “तुमच्या आधारवर सिम निघालंय, मनी लाँडरिंगची केस आहे, कोणाला काही सांगू नका.” बाबा दार लावून चाळीस मिनिटं बसून होते! पासबुक मांडीवर. दूध उतू गेलं म्हणून आईने हाका मारल्या, दार ठोठावलं, तेव्हा कुठे फोन ठेवला. पैसे वाचले, नशीब.

कायद्यात डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक, नावाचा प्रकारच नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं होतं. बाबा तो कार्यक्रम चुकवत नाहीत, तरी ऐनवेळी घाबरले. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर मी फ्रिजवर चिकटवलाय.

फोन काढून घेणं मला पटत नाही. त्यांची अर्धी दुनिया त्यातच आहे. अनोळखी नंबर सायलेंट केले तर गॅसवाल्याचा फोनही चुकतो. मुदत ठेव फोनवरून मोडता येऊ नये, अशी सोय तुमच्या बँकेत कोणी करून घेतलीय का? आणि झाल्या प्रकाराने ते ओशाळलेत, विषय काढला की उठून जातात. तुमच्या घरी कसं बोललात?