डोलकाठीवर चढायचंय, बोटीवर आम्ही दोघंच. मदत हवी आहे

मंडळी, बोट 31 फुटी, डोलकाठी डेकपासून साधारण 12 मीटर. टोकावरचा अँकर लाइट (नांगर टाकल्यावर लावायचा दिवा) बंद पडलाय. फ्यूज, स्विच तपासले, डोलकाठीच्या बुडापर्यंत करंट नीट येतोय. म्हणजे दोष वरच आहे. शिवाय मोठं शीड चढवताना वरून करकर आवाज येतो, ती पुलीही बघायची आहे. डोलकाठी उतरवणं सध्या शक्य नाही.

माझं वजन 85 किलो, बायकोचं 52. ती म्हणते, तू खाली थांब, मी चढते. पण वायरिंग मला येतं, तिला नाही. सामान असं: फळीची जुनी बोसन चेअर (वर चढायची झोपाळ्यासारखी बैठक, पायांना पट्टे नाहीत), मेन हॅलयार्ड (मोठं शीड चढवायचा दोर) 10 मिमी, टॉपिंग लिफ्ट (बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, वरून धरणारा दोर) 8 मिमी. जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, हॅलयार्ड टोकाच्या बराच खाली संपतो, कारण रिग फ्रॅक्शनल (पुढचं शीड टोकापर्यंत जात नाही). सगळे दोर कॉकपिटात येतात. विंच (हँडलनं फिरवून दोर ओढायचा ड्रम) सेल्फ-टेलिंग आहे, म्हणजे दोराचं शेपूट स्वतःच धरतो, त्यावर 16 आकडा आहे. पुढे नांगर ओढायचा इलेक्ट्रिक विंडलास आहे, हॅलयार्ड त्याच्यावर घेतला तर तिचे कष्ट वाचतील ना?

उधाणवारा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. विंडलासवर माणूस चढवायचा नाही. मोटरला तुमचा पाय स्प्रेडरखाली (डोलकाठीच्या आडव्या दांड्याखाली) अडकलाय की नाही ते कळत नाही, ती ओढतच राहते. आधी पाय जातो, नाहीतर दोर.

आता ताकदीचं. 16 आकड्याचा अर्थ हँडलवर एक किलो जोर लावला की दोरावर सोळा, तेही कागदावर. 85 ला 16 ने भागलं तर सव्वापाच किलो. वरच्या पुलीचं आणि वळणांचं घर्षण धरून दुप्पट म्हणा. तुम्ही स्वतः डोलकाठीला धरून चढत राहिलात तर त्याहूनही कमी. वहिनी सहज चढवतील, घाई नको एवढंच. कस उतरवताना लागतो. ड्रमवर कमीत कमी चार वेढे हवेत आणि दोर हाताखालून एकसारखा सरकत सुटला पाहिजे. झटक्यानं सोडायचा नाही, वेढे ड्रमवरून उचलायचे तर मुळीच नाहीत.

चढवताना क्लच (दोर पकडून ठेवणारा खटका) बंद ठेवा. दोर आत येतो, मागे जात नाही. कामाच्या उंचीवर पोचलात की क्लच बंद आहेच, शिवाय दोराचं शेपूट क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) बांधायचं. उतरायच्या वेळी आधी विंचवर थोडं घेऊन भार ड्रमवर आणायचा, मग क्लच उघडायचा. हा क्रम चुकला तर माणूस एकदम खाली येतो.

शिडाळ:
वरच्याशी सहमत, पण मुख्य गोष्ट राहिली. एकाच दोरावर कोणीही जाऊ नये. हॅलयार्ड ज्या पुलीवरून जातो ती करकरतेय असं तुम्हीच लिहिलंय! जिची शंका आहे तिच्यावरच लटकून तिला तपासायला जायचं?

खाली दोघंच असाल तर दुसरा दोर वहिनींच्या हातात देऊ नका, त्यांना विंचच पुरे आहे. दुसरा दोर वरून खाली ताणून डेकवर पक्का बांधा आणि त्यावर स्वतःच्या हार्नेसची प्रुसिक गाठ (दोराभोवती बारीक दोरीचे वेढे, भार पडला की आवळणारे) ठेवा. चढताना हातानं वर सरकवत न्यायची, कायम छातीच्या वर, मध्ये ढील नको. मेन सुटला तर गाठ आवळते आणि तुम्ही तिथेच राहता.

फळी मात्र ठेवून द्या. पट्ट्यांशिवाय त्यावरून मागे कलंडता येतं. गिर्यारोहकांचा हार्नेस घाला. फार वेळ बसायचं असेल तर त्याच्यावर चेअर, पण जीव हार्नेसवर. आणि हॅलयार्डचा स्नॅप शॅकल (पिन ओढली की उघडणारी कडी) हार्नेसला अडकवू नका. त्याची पिन कशातही अडकून उघडते. दोर थेट हार्नेसच्या लूपमधून काढून बोलाइन (न आवळणाऱ्या फाशाची गाठ) मारा आणि शेपूट हातभर ठेवा.

धागाकर्ता:
खूप आभार. विंडलास बाद, फळी बाद. दुसरा दोर म्हणून टॉपिंग लिफ्टच उरते. चालेल?

उधाणवारा:
8 मिमी दोरावर 6 मिमीची प्रुसिक नीट पकडत नाही, जाडीत फरक फार कमी पडतो. पण तिचा निरोप्यासारखा उपयोग करा. टॉपिंग लिफ्टच्या टोकाला 11 मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर टोकाला टोक लावून शिवा, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि ओढून वरून खाली आणा. आधी बूम खाली काहीतरी आधार देऊन टेकवा, नाहीतर ती डोक्यात येईल. वर जोड अडकला तर जबरदस्ती नको. पुलीचा खाचा त्या जाडीला पुरत नसेल तर 10 मिमीचा दोर लावा.

शिडाळ:
आणि दुर्बीण घेऊन आधी वर बघा. टॉपिंग लिफ्टची पुली डोलकाठीच्या आतली आहे का, की बाहेर छोट्या शॅकलला टांगलेली? बाहेरची असेल तर तिच्यावर भरवसा नको. मग जिबच्या हॅलयार्डवर प्रुसिक ठेवा, तो जिथे संपतो तिथे थांबून डोलकाठीभोवती एक पट्टा घाला, वर जाताना तो सोबत सरकवत न्या. थोडं किचकट आहे, पण शेवटचा मीटर-दीड मीटर दुसऱ्या आधाराशिवाय जायचा नाही.

धागाकर्ता:
दुर्बिणीतून पाहिलं, पुली आतलीच आहे. आणखी एक: बोलाइन पुलीला जाऊन भिडली की मी अडकणार. डोकं टोकाच्या बरोबरीला, आणि लाइट त्याच्याही वर. हात पुरेल का?

लाटेवरचा:
नाही पुरत. म्हणून गाठ हार्नेसला अगदी लागून मारायची, मध्ये दोन वीत दोर सोडला तर तेवढे तुम्ही खालीच राहता. सोबत पायासाठी फासा असलेला पट्टा न्या, डोलकाठीच्या टोकाला टाकून त्यात उभं राहिलं की कंबर वर येते. पण उभं राहताच प्रुसिकही वर सरकवायची, नाहीतर ढील पडते.

बाकी छोट्या गोष्टी: जेमतेम फूटभर उचलल्यावर हार्नेसमध्ये दोन-तीनदा उसळी मारा, गाठी तिथेच कळतात. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर सगळं सुतळीनं बांधलेलं, नवा बल्ब चेन असलेल्या खिशात. खाली कोणी डोलकाठीच्या बुडाशी उभं राहायचं नाही. कॉकपिटावरचा स्प्रेहूड (कापडी आडोसा) दुमडा, नाहीतर वहिनींना तुम्ही दिसणारच नाही. आणि दुपारच्या वर्दळीत नको. शेजारून मोटरबोट गेली आणि बोट 5 अंश डुलली की वर तुम्ही मीटरभर बाजूला जाता आणि तेवढेच परत येता.

वर आहातच तर स्टेच्या (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या) टोकांचे दाबलेले जोड नखानं चाचपून बघा, बारीक चीर असते. स्प्लिट पिनचेही फोटो काढून आणा, इथे टाका, बघू.