हॅलोवीनला मुलांसाठी चेटकिणींचा सिनेमा सुचवा (रडारड नको)

चकली_जर्सीची
नमस्कार मंडळी. हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे आठ पोरं जमणार आहेत, वय ५ ते ११. (खुद्द ३१ तारखेला नाही. दारोदार चॉकलेटं गोळा करून आलेलं पोर एका जागी बसत नाही, हे गेल्या वर्षी कळलं.) चेटकिणींचा एखादा गमतीदार सिनेमा लावायचाय. अटी: दीड तासाच्या आसपास, रात्री कुणी आईबापांच्या पांघरुणात घुसू नये, आणि खर्च शून्य. डिस्ने प्लस आहे, त्यावर एक डॉलरही घालणार नाही. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्याही बसतील.

गोटीसोडा
हॉकस पोकस. १९९३ चा, ९६ मिनिटं, डिस्नेचाच आहे. विषय संपला. झाडू चोरीला जातात तेव्हा तीन चेटकीण बहिणींपैकी एक व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते, त्या एका प्रसंगासाठी आमच्याकडे दरवर्षी लागतो.

अंगणातला_प्रोजेक्टर
टीव्हीवर कसले बघता! मी गेल्या वर्षी प्रोजेक्टर घेतला. १२० इंची पडदा, मागच्या अंगणात, शेजारचे गोरेसुद्धा खुर्च्या घेऊन आले. एकदाच काय तो खर्च. ल्युमेन (म्हणजे उजेड किती ते) बघून घ्या, स्वस्तातला घेऊ नका. मी आधी स्वस्तातला घेतला होता, त्यात चेटकीण आणि भोपळा सारखेच दिसायचे.

चकली_जर्सीची
दादा, खर्च शून्य म्हटलंय.

अंगणातला_प्रोजेक्टर
म्हणूनच म्हणतो, दहा वर्षांत वसूल होतो.

निशिगंधा_टेक्सास
हॉकस पोकसला माझंही मत, पण सावध. मेणबत्ती 'व्हर्जिन'ने पेटवली की चेटकिणी परत येतात अशी भानगड आहे आणि त्या पोराला सिनेमाभर त्यावरून चिडवतात. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने गाडीत मोठ्याने विचारलं, "आई, व्हर्जिन म्हणजे काय?" मी उत्तर जुळवतेय तोवर मागून बाबा म्हणाले, "ऑलिव्ह ऑइल." तिला पटलं. आता तिच्या मते त्या पोराने तेल न घालता मेणबत्ती लावली, म्हणून घोळ झाला.

आणि सुरुवात जड आहे. १६९३ सालात चेटकिणी एका लहान मुलीचा प्राण शोषतात, ती मरते, मग त्यांना फाशी. पाच वर्षांच्यांना ती दहा मिनिटं स्वयंपाकघरात पॉपकॉर्न करायला न्या आणि गोष्ट तोंडी सांगा. तेवढं केलंत तर पुढे सगळी धमालच आहे.

पेन्शनर_पर्वती
आमच्या वेळी असली थेरं नव्हती. सर्वपित्री अमावास्या पुरेशी होती.

तिरका_पाय
मला या सिनेमाचं कौतुक कधीच कळलं नाही. समीक्षकांनी तेव्हा झोडपला होता, तो उगाच नाही. तीन बायका किंचाळतात, मांजर बोलतं, संपलं. ज्यांनी लहानपणी बघितला त्यांना लहानपण आवडतं, सिनेमा नव्हे.

व्हीएचएस_मावशी
@तिरका_पाय, अर्धं बरोबर. पण तो पडला त्याची कारणं बघा. हॅलोवीनचा सिनेमा आणि लावला कधी, तर १६ जुलैला! त्याच दिवशी 'फ्री विली' आला, पोरं देवमासा बघायला गेली. २८ मिलियन डॉलर खर्चून अमेरिकेत जेमतेम चाळीसच्या आसपास आले, त्यातही थिएटरवाल्यांचा वाटा. ऐन उन्हाळ्यात भोपळे कोण बघणार?

मग टीव्हीवर दर ऑक्टोबरला लागायला लागला. म्हणजे तो मुलांनी निवडला नाही, तो घरात आपोआप येत राहिला, दिवाळीत फराळ येतो तसा. माझ्याकडे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट होती, जाहिरातींसकट. आजही एका ठिकाणी मला धुण्याच्या साबणाची जाहिरात ऐकू येते. त्या तिघी मुद्दाम अतिरेकी अभिनय करतात, बेट मिडलर तर पुढचे दात ओठाबाहेर काढूनच बोलते, त्यामुळे पोरांना भीती वाटायच्या आत हसू येतं. मोठेपणी त्यातलेच दोन अर्थांचे विनोद कळतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा आम्ही तिघी बहिणी मास्क लावून गेलो होतो. दुसरा भाग २०२२ चा, तो नाही बघितला तरी चालेल.

ढब्बू_मिरची
आपला 'झपाटलेला'ही १९९३ चाच! तात्या विंचू दाखवा, सांगलीच्या आजी खूश.

तिरका_पाय
झपाटलेला तेव्हाच हिट होता, त्याला टीव्हीने वाचवायची गरज नव्हती. आणि बाहुल्याने सहा वर्षांच्या पोराची कायमची झोप उडेल. मी आज बेचाळीसचा आहे, अजून कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपत नाही.

गोटीसोडा
म्हणजे तुम्हालाही लहानपणच आवडतं :)

ऑर्लँडो_तीनदा
आम्ही डिस्ने वर्ल्डच्या हॅलोवीन पार्टीत हॉकस पोकसचा शो किल्ल्यासमोर बघितला. तीनदा. टीव्हीवर मजा नाही. या वर्षी नसेल जमत तर पुढच्या वर्षी तिकडेच न्या सगळ्यांना.

चकली_जर्सीची
आठ पोरांना? शून्यात?

बॉस्टनचा_बाळ्या
सेलमला चला त्यापेक्षा, हॉकस पोकस घडतो ते बॉस्टनजवळचं गाव. सिनेमातल्या अ‍ॅलिसन या मुलीचं घर म्हणजे तिथलं रोप्स मॅन्शन, बाहेरून फुकट बघता येतं. पण ऑक्टोबरात गाडी नेऊ नका. मी नेली, दीड तास फिरलो, पार्किंग मिळालं नाही, बायको गाडीतच तीन फोटो काढून म्हणाली, "झालं सेलम." बॉस्टनहून लोकल ट्रेन जाते, ती घ्या.

पेन्शनर_पर्वती
तिथेच ना बायकांना जिवंत जाळलं?

बॉस्टनचा_बाळ्या
काका, जाळलं नाही. १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिली, १४ बायका, ५ पुरुष. जाईल्स कोरी नावाच्या एकाला दगडांखाली चिरडून मारलं.

पेन्शनर_पर्वती
मी जाळलंच वाचलंय.

बॉस्टनचा_बाळ्या
ते युरोपातलं.

कंदील
मला इथेच खटकतं. ज्या गावात निरपराध बायकांना चेटकीण म्हणून मारलं, त्याच गावात चेटकिणी खरोखरच मुलं खाणाऱ्या दाखवायच्या आणि खदाखदा हसायचं. आपल्याकडे सातपुड्यात अजून बायकांना डाकीण ठरवून छळतात. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यालाही इतकी वर्षं लागली.

व्हीएचएस_मावशी
मुद्दा मान्य, पण आठ पोरांच्या पार्टीत व्याख्यान नको. दहा-अकरा वर्षांच्यांना मात्र एक सांगा: सेलमच्याच खटल्यांत एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या बाईला १६९३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती अंमलात आली नाही, पण नाव निर्दोष ठरलं ते थेट २०२२ मध्ये. आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी पाठपुरावा केला म्हणून. माझा भाचा ते ऐकून सिनेमा विसरला.

कंदील
मग 'मकडी' दाखवा. विशाल भारद्वाज, २००२, शबाना आझमी. शेवटी ती चेटकीण खोटीच निघते!

ढब्बू_मिरची
अहो, शेवट सांगितलात!! मी या रविवारी बघणार होतो.

चकली_जर्सीची
आमच्या पोरांचं हिंदी "चलो चलो"पर्यंतच आहे. पण सासूबाईंसाठी लिहून ठेवते.

निशिगंधा_टेक्सास
५ वर्षांचे असतील तर 'हॅलोवीनटाउन' (१९९८) सगळ्यात सुरक्षित. ८४ मिनिटं, तोही डिस्नेवर. डेबी रेनॉल्ड्स आजी आहे, ती चेटकीण असते आणि आईला नातवंडांना जादू शिकवायचीच नसते. आजी विरुद्ध आई! तुमच्या सासूबाई कुणाच्या बाजूने बसतील ते सांगता येत नाही. राक्षस मुखवटे घातल्यासारखे दिसतात, कुणीच घाबरत नाही.

फक्त 'द विचेस' (१९९०) लावू नका. अँजेलिका ह्युस्टन चेहरा सोलून काढते, माझा भाऊ महिनाभर बाथरूमचं दार उघडं ठेवायचा.

गोटीसोडा
+१, द विचेस नको.

ऑर्लँडो_तीनदा
द विचेस नकोच.

अंगणातला_प्रोजेक्टर
द विचेस मोठ्या पडद्यावर जबरदस्त दिसतो, पण लहानांना नको.

चकली_जर्सीची
सगळ्यांचे आभार. काल पार्टी झाली. लावला द विचेस.

हॉकस पोकसच ठरला होता. पण थोरल्याने नुकतंच रोआल्ड डाल यांचं त्याच नावाचं पुस्तक संपवलंय, तो आणि त्याचे दोन मित्र हटून बसले. चार डॉलर भाडं गेलं, नवऱ्याने दिले, म्हणून माझा खर्च शून्यच धरते. धाकट्यांना चेहऱ्याच्या प्रसंगाला वरच्या मजल्यावर भोपळे रंगवायला नेलं, मावशींची पॉपकॉर्नची युक्ती... नाही, ती निशिगंधाची, हो ना? ती फार कामी आली. सिनेमातलं पोरगं उंदीर बनतं तेव्हा सगळे खाली आले आणि खिदळत बसले. शेवटी तो पुन्हा माणूस होतो तर थोरला भडकला, पुस्तकात तो उंदीरच राहतो म्हणे. अर्धा तास त्यावरून भांडण.

रात्री कुणाचाही फोन आला नाही. आमच्याकडे मात्र नवरा बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपला. सासूबाईंना ह्युस्टनबाईंचा काळा झगा आवडला, शिवायला किती कापड लागेल विचारत होत्या.

पेन्शनर_पर्वती
पावणेपाच मीटर. अस्तर वेगळं.

मुंबईचा_वारा
धागा आत्ताच पाहिला, वाचला नाही. हॉकस पोकस कुणीच कसा सुचवला नाही?

अंगणातला_प्रोजेक्टर
@मुंबईचा_वारा, पडदा किती इंची आहे तुमचा?