मदत हवी आहे: लघुपटाच्या आवाजासाठी २५ हजारांत काय घ्यावं?

मंडळी, वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात लघुपट करतोय. जवळजवळ सगळा संवादांवर चालतो. कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू, सोबत ५० एमएम एफ १.८ लेन्स. ४के मध्ये क्रॉप फार होतो (चित्राच्या कडा कापल्या जातात), म्हणून १०८० मध्येच शूट करणार. चित्राची काळजी नाही, घोडं अडलंय आवाजापाशी.

कॅमेऱ्यावर छोटा शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांबट माइक) लावून पाहिला. माजघरात आवाज घुमतो आणि पात्रं लांब वाटतात. कॉलर माइक नऊवारीच्या पदराखाली सतत खसखसतो. कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नाही, त्यामुळे गडबड घरी आल्यावरच कळते.

भाड्याने घ्या म्हणाल, तर शूटिंग फक्त रविवारी, तेही दोनेक महिने. दर वेळी पुण्याहून सामान आणणं-पोचवणं परवडत नाही. सेकंड हँड चालेल. बूम, म्हणजे माइक लावायची लांब काठी, धरायला भाचा तयार आहे (उंच आहे, हात मात्र लवकर दुखतात!). एडिटिंग दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत, त्यामुळे आवाज वेगळा रेकॉर्ड करून जुळवायची तयारी आहे.

सध्या मनात झूम एच४ इसेन्शियल हा रेकॉर्डर आहे: माइक जोडायला दोन एक्सएलआर, माइकला वीज पुरवणारी फँटम पॉवर, ३२ बिट फ्लोट (आवाज अचानक चढला तरी रेकॉर्डिंग सहसा फाटत नाही). पण त्याला घुमणाऱ्या खोलीत बूमवर शॉटगन जोडावा की हायपरकार्डिऑइड पेन्सिल माइक (समोरच्या अरुंद भागातला आवाज टिपणारा छोटा, सडपातळ माइक), आणि उरलेल्या पैशांत बसेल असं कोणतं मॉडेल तुम्ही स्वतः वापरलंय?