टक्के कशापैकी? दहावीच्या मार्कलिस्टवरून झालेली पत्रापत्री

प्रेषक: वहिनी, म्हापसा
विषय: सीबीएसईच्या मार्कांचे टक्के कसे काढायचे?

मंडळी, नमस्कार.

मस्कत सुटलं तरी तिथल्या आपल्या मराठी मंडळाची ई-मेल यादी सुटलेली नाही, म्हणून इथेच विचारते. लेकीची दहावी तिकडच्या शाळेतून झाली, सीबीएसईची. आता अकरावीसाठी इथल्या एका हायर सेकंडरीचा फॉर्म आणला, तर त्यात वरच रकाना आहे, ‘टक्केवारी’. मार्कलिस्ट उलटीसुलटी करून पाहिली, टक्केवारी कुठेच छापलेली नाही. खिडकीवरची मुलगी म्हणाली, सगळे मार्क मिळवा नि भागा. रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, वहिनी, वेड्या की काय, चांगले पाच घ्या! आणि घरी हे म्हणतात, सहावा विषय जादाचा, तो धरायचाच नाही.

मार्क असे: इंग्रजी ८८, फ्रेंच ९६, गणित ७१, विज्ञान ७८, समाजशास्त्र ८४ आणि सहावा विषय माहिती तंत्रज्ञान ९७.

जाता जाता आणखी एक. धाकट्या दिरांचा मुलगा २०१४ साली दहावी झाला. त्याच्या कागदावर मार्कच नाहीत, नुसतं ‘सीजीपीए ८.८’. नोकरीच्या फॉर्मवर त्याने काय लिहायचं?

---

प्रेषक: पुणेकर, सोहार
विषय: उत्तर: सीबीएसईच्या मार्कांचे टक्के कसे काढायचे?

वहिनी, यात विचारायचं काय? बेस्ट ऑफ फाइव्ह. गणित सोडा, बाकीच्यांची बेरीज ४४३, टक्के ८८.६. पेढे कुरियरने चालतील.

आमच्या महाराष्ट्रात २०१० पासून हेच चालू आहे. तेव्हा आयसीएसईचे पालक कोर्टात गेले होते. हायकोर्टाने तो निर्णय रद्दही केला होता, पण सुप्रीम कोर्टात सरकारचंच खरं झालं. भाच्याला दहावीला १०० टक्के आहेत. शंभर! आमच्या वेळी ७०० पैकी ५६० पडले की गल्लीत लोक वळून बघायचे.

---

प्रेषक: मास्तर, फोंडा
विषय: उत्तर: सीबीएसईच्या मार्कांचे टक्के कसे काढायचे?

वहिनी,

पुणेकरांचे पेढे तूर्त थांबवा. त्यांची बेरीज बरोबर आहे, पण नियम महाराष्ट्राचा, कागद सीबीएसईचा आणि फॉर्म गोव्याचा.

तुमच्या कागदावर टक्केवारी नाही, कारण सीबीएसई ती काढतच नाही. पहिला-दुसरा वर्ग नाही, डिस्टिंक्शन नाही, एकूण टक्केही नाहीत. बोर्ड जे देतं ते फक्त विषयवार. पाचापेक्षा जास्त विषय असतील तर त्यातले कुठले पाच धरायचे, हे प्रवेश देणाऱ्या संस्थेने किंवा नोकरी देणाऱ्याने ठरवायचं, असं बोर्डाने लेखी सांगितलं आहे. २०२३ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा खिडकीवरची मुलगी, रांगेतले गृहस्थ आणि तुमचे ‘हे’ यांच्यातलं कोण बरोबर, हे मार्कलिस्ट सांगू शकत नाही. ते त्या हायर सेकंडरीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं, नसलं तर प्राचार्यांना विचारायचं.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ५१४, म्हणजे ८५.६७. मुख्य पाच धरले तर ५०० पैकी ४१७, म्हणजे ८३.४. चांगले पाच धरले तर पुणेकरांचे ८८.६. आणि विज्ञान शाखेसाठी कुणी नुसतं गणित-विज्ञानच बघायचं ठरवलं तर २०० पैकी १४९, म्हणजे ७४.५. मुलगी एक, पेपर तेच, आणि ७४ पासून ८८ पर्यंत हवे ते टक्के निघतात. चारही उत्तरं गणिताने बरोबर. वर्गात मी ‘टक्के काढा’ असं कधीच म्हणत नसे, ‘कशाचे टक्के’ ते आधी लिहायला लावत असे. पोरं कंटाळायची.

सहाव्या विषयाचं मात्र ‘ह्यां’ना सांगा, तो अगदीच शोभेचा नाही. गणित, विज्ञान किंवा समाजशास्त्रात मूल नापास झालं आणि कौशल्याच्या सहाव्या विषयात पास असलं, तर तो विषय नापास विषयाच्या जागी येतो नि मूल पास होतं. तुमच्या लेकीला त्याची गरज नाही, हा भाग वेगळा.

आता दिरांच्या मुलाचं. सीबीएसईने तेव्हा मार्क काढून टाकून ग्रेड पॉइंट आणले होते. ९१ ते १०० ला १० पॉइंट, ८१ ते ९० ला ९, असे उतरत जायचे, आणि पाच मुख्य विषयांच्या पॉइंटांची सरासरी म्हणजे सीजीपीए. त्याचे टक्के करायला ९.५ ने गुणा असं बोर्डानेच सांगितलं होतं. ८.८ गुणिले ९.५ म्हणजे ८३.६. फॉर्मवर ते लिहावं आणि पुढे ‘सीजीपीए ८.८’ हेही लिहावं.

हे साडेनऊ आलं कुठून? सगळ्यात वरच्या गटातल्या मुलांच्या आधीच्या काही वर्षांच्या मार्कांची सरासरी ९५ च्या आसपास यायची. तिला दहाने भागलं. म्हणजे आकडा काढला वरच्या गटावरून आणि लावला सगळ्यांना. त्याची गंमत बघा. एका मुलाला पाचही विषयांत ९१ पडले, त्याचा सीजीपीए १०, टक्के ९५. शेजारच्या बाकावरच्याला पाचही विषयांत ९०, त्याचा सीजीपीए ९, टक्के ८५.५. दर विषयाला एकेका मार्काचा फरक, आणि कागदावर साडेनऊ टक्क्यांची दरी. त्या वर्षांतल्या मुलांचे टक्के मार्कांवाल्या मुलांशेजारी ठेवून तुलना करणं मला कधीच पटलं नाही. २०१८ पासून पुन्हा सगळ्यांना बोर्डाची परीक्षा आली आणि हा हिशेब संपला.

आजच्या सीबीएसई मार्कलिस्टवरही ए१, बी२ अशी अक्षरं असतात. ती वाचून ‘९१ च्या वर असणार’ असं धरू नका. आताची अक्षरं क्रमाने मिळतात: त्या विषयात पास झालेल्या सगळ्या मुलांना रांगेत लावायचं, पहिल्या आठव्या हिश्शाला ए१, पुढच्या आठव्या हिश्शाला ए२, असं खालपर्यंत. सोप्या विषयात ९३ ला ए२ येऊ शकतो आणि अवघड विषयात ८८ ला ए१.

पुणेकर, तुमच्या भाच्याचं अभिनंदन. पण त्या शंभरात कला किंवा खेळाचे जादा मार्क किती, ते एकदा विचारा. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शास्त्रीय नृत्य-संगीत, लोककला, खेळ यांचे मार्क वर मिळतात आणि सगळ्यात कमी मार्कांचा विषय गळतो, मग पाचशेला पाचशे भरायला मदत होते. मुलगा हुशार आहेच. तरी तुमचे ५६० म्हणजे ८० टक्के आणि त्याचे १०० एकाच पट्टीने मोजू नका. तुम्हाला गणित १५० मार्कांचं होतं ना? तेव्हा बरेच जण विषयवार टक्के काढून त्यांची सरासरी घ्यायचे आणि गोत्यात यायचे. गणितात १५० पैकी १३५ म्हणजे ९० टक्के, मराठीत १०० पैकी ६० म्हणजे ६० टक्के. सरासरी ७५ वाटते. पण खरी बेरीज २५० पैकी १९५, म्हणजे ७८. आधी मार्कांची बेरीज, मग भागाकार.

माझी स्वतःची एसएससी पुणे बोर्डाचीच आहे. गोवा बोर्ड आलं १९७५ च्या कायद्याने. त्याआधी पर्वरीला, म्हणजे आज ते बोर्ड आहे तिथे, कुणी बोर्ड म्हणून जात नव्हतं.

---

प्रेषक: मावशी, साखळी
विषय: उत्तर: उत्तर: टक्के

मास्तर, तुम्ही जादा मार्कांचं काढलंत म्हणून लिहिते. आपल्या गोव्यातही खेळाचे मार्क मिळतात ना? आमचा नातू फुटबॉल खेळतो. शेजारच्या घरातून टोमणा आला, ‘खेळून पास झाला’. ते मार्क टक्क्यांत धरायचे की नाहीत? आणि पेपरात आपल्या केंद्राचा निकाल नव्वदच्या वर छापून आला, तर आमच्या घरात ६१ कसे?

---

प्रेषक: मास्तर, फोंडा
विषय: उत्तर: उत्तर: टक्के

मावशी,

पेपरातला आकडा आणि घरातला आकडा यांचा संबंध नाही. केंद्राचा निकाल ९० टक्के म्हणजे बसलेल्या दर शंभरांतले ९० जण पास झाले. ते काठावर ३३ घेऊन झाले की ९५ घेऊन, हे त्यात येत नाही. नातवाचे ६१ हे त्याच्या स्वतःच्या मार्कांचे. अशा आकड्याला भुलू नये याचं महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. २०१८ चा तिथला दहावीचा निकाल ८९.४१ होता, २०१९ ला ७७.१० वर आला. पोरं वर्षभरात मठ्ठ झाली नव्हती. भाषांच्या तोंडी परीक्षेचे, म्हणजे शाळेने द्यायचे २० मार्क त्या वर्षी काढून टाकले होते.

खेळाचं म्हणाल तर ते मार्क बोर्डाचेच, कुणी चोरून दिलेले नाहीत. त्यांच्यामुळे किती मुलं पास झाली ते बोर्ड निकालाच्या वेळी स्वतः जाहीर करतं. शेजारणीला सांगा, नातू पहाटे मैदानावर असतो तेव्हा तुमचा कुठे असतो ते आधी बघा. टक्क्यांत मात्र मार्कलिस्टवर जी बेरीज छापली आहे तीच धरा. तिच्यावर घरी काही मिळवू नका, तिच्यातून काही काढूही नका.

पासाची रेषासुद्धा जागोजाग वेगळी आहे. आपल्याकडे आणि सीबीएसईला ३३, महाराष्ट्रात ३५. पण तिथे गट करून पास होता येतं: गणित-विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५ असले की झालं. म्हणजे गणितात २६ आणि विज्ञानात ४४ पडलेला तिथे पास, आणि ते २६ इकडे नापास.

---

प्रेषक: पुणेकर, सोहार
विषय: उत्तर: उत्तर: टक्के

मास्तर, भाच्याला विचारलं. चित्रकला निघाली. ते जाऊ दे, त्याच्या मोठ्या बहिणीला जेईई मेनला ९१ पर्सेंटाइल आहेत. ते तरी ९१ टक्के मार्क ना?

---

प्रेषक: मास्तर, फोंडा
विषय: उत्तर: उत्तर: टक्के

नाही. तिच्या पाळीत बसलेल्या शंभरांतले ९१ जण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड असला तर निम्म्याहून कमी मार्कांतही ९१ पर्सेंटाइल येतात. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, दर पाळीचा पेपर वेगळा, म्हणून मार्कांऐवजी हा आकडा देतात. बरोबरीत फार जण अडकू नयेत म्हणून दशांशचिन्हानंतर सात आकडे छापतात. तिने पोटापुरते दोनच वाचावेत.

---

प्रेषक: वहिनी, म्हापसा
विषय: उत्तर: सीबीएसईच्या मार्कांचे टक्के कसे काढायचे?

मास्तर, देव बरें करूं. आज पुन्हा जाऊन आले. प्रॉस्पेक्टस मागितलं तेव्हा खिडकीवरच्या मुलीने आतून एका सरांना बोलावलं. ते म्हणाले, दुसऱ्या बोर्डाच्या मुलांनी रकान्यात टक्के लिहूच नका, सहाही विषयांचे मार्क लिहा आणि मार्कलिस्टची प्रत जोडा. टक्के आम्ही काढू, सगळ्यांचे एकाच रीतीने. तसंच केलं. त्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे बोर्ड बदलताना लागणारा दाखलाही मागितला, तो डिजिलॉकरवर मिळाला.

दिरांच्या मुलानेही ८३.६ लिहून पुढे सीजीपीए लिहिला. मावशी, शेजारणीला काय सांगितलंत ते मात्र कळवा.