फसवणारे कंबोडियात, पैसे सुरतेत, आम्ही साताऱ्यात: हद्द कुणाची?

सातारची_लेक:
बाबा एसटीतून निवृत्त झालेत, वय ७१. गेल्या महिन्यात 'डिजिटल अरेस्ट' म्हणून, म्हणजे खोट्या पोलिसांनी अटकेची भीती घालून, त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि समोर खुर्चीत बाबा. हात धुवायला उठायचं तरी 'साहेब, जाऊ का?' असं विचारायचे. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आरटीजीएसने ११ लाख ४० हजार पाठवले. काउंटरवरच्या मुलीने 'काका, एवढे कुणाला?' विचारलं, तर पढवल्याप्रमाणे म्हणाले, पुतण्याच्या लग्नाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. पैसे सुरतच्या खात्यात गेले आणि तिथून पाच-सहा खात्यांत फुटले. कॉल +८५५ वरून, म्हणजे कंबोडियाचा नंबर. मी पोलीस ठाण्यात तीनदा गेले. आधी 'सायबरला जा', मग 'खातं सुरतचं, तिथे करा', शेवटी 'माणूस परदेशात, आमची हद्दच नाही'. खरंच असं असतं का?

वकील_शिवाजीनगर:
ताई, नसतं. भारतातल्या संगणक यंत्रणेला लक्ष्य करणारा माणूस कुठेही बसलेला असो, भारतीय न्याय संहितेचं कलम १(५) त्याला लागू होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ तर २००० पासून आहे. आणि तुमच्या बाबतीत तेवढं लांब जायचीही गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ प्रमाणे फसवणुकीचा कॉल जिथे आला आणि पैसे जिथून दिले, तिथल्या कोर्टात खटला चालतो. म्हणजे सातारा. कलम १७३ प्रमाणे तर हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. तरी नाही घेतलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग मॅजिस्ट्रेट.

आधी पैशाचं बघा. जेवढी रक्कम खात्यांत गोठली असेल, ती सोडवायला कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. त्यासाठी आरोपी सापडायची वाट बघावी लागत नाही.

निवृत्त_तपासी:
वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण पुढचं दुखणं मी सांगतो. गुन्हा नोंदवण्याची हद्द आपली असली, तरी तिकडे जाऊन अटक करण्याचा अधिकार आपला नाही. परदेशातला पुरावा हवा तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ११२ खाली कोर्टाचं विनंतीपत्र गृह मंत्रालयामार्फत जातं. अमेरिकेशी अशा तपासात एकमेकांना मदत करायचा करार २००५ पासून लागू आहे, तरी उत्तराला महिनोन् महिने लागतात. म्यानमारच्या म्यावाडीसारख्या, फसवणुकीचे अड्डे असलेल्या ठिकाणी तर तिथल्या सरकारचाच शब्द चालत नाही, पत्र पाठवणार कुणाला? मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेले पाचशेहून जास्त भारतीय हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेऊन फोनवर बसवलेली पोरं होती त्यांत. कॉलवरचा 'साहेब' कदाचित असाच कुणाचा तरी मुलगा असेल.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आठवतं? ऑगस्ट २०१८, सायबर हल्ल्यात ९४ कोटी लुटले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून काढले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली. सूत्रधार त्यांत नव्हते, पण इथले हात सापडले. तुमचा सुरतवाला खातेदारही इथलाच आहे. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) घेऊन त्याच्यापासून सुरुवात करायला लावा.

सातारची_लेक:
दोघांचेही आभार. आज अर्ज दिला, कलमं लिहून. शिक्का मिळाला. बाबा सोबत आले होते. त्या दिवसापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडले. यूटीआरची पावती त्यांनी स्वतः खिशातून काढून दिली.